मैदान तुमचं, पोरं तुमची; मग खेळ कोणाचा?

पत्राचा गोषवारा: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या २७ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. ते, त्यांचा मावसभाऊ आणि दोन मित्र असे चौघे मिळून तीन वर्षं एका लोकप्रिय मोबाइल गेमची स्पर्धा भरवतात. मंगल कार्यालयाचा हॉल, ४८ संघ, संघामागे ४०० रुपये प्रवेश फी, त्यातूनच बक्षिसं. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आणि मावसभावाची मराठी कॉमेंटरी. आता गावातल्या केबल चॅनेलने गणपतीच्या दिवसांत ही स्पर्धा दाखवण्यासाठी तीन वर्षांच्या ‘संपूर्ण व एकमेव प्रक्षेपण हक्कां’चे दीड लाख रुपये देऊ केलेत. नेमक्या त्याच आठवड्यात यूट्यूबने त्यांच्या एका जुन्या व्हिडिओवर कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे दुसऱ्याचा हक्क मोडल्याची ताकीद, दिला. मित्र म्हणतो, ‘हॉल आपला, पोरं आपली, लाइटबिल आपण भरतो, मग मॅच कंपनीची कशी?’ वडील म्हणतात, ‘सही कर, कंपनीला कोण सांगायला जातंय?’ वाचक विचारतात: सही करू का? स्ट्राइकविरुद्ध भांडू का? की कंपनीकडे रीतसर परवानगी मागू, आणि ती मागून झोपलेल्याला जागं करू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेला करारनाम्याचा फोटो तीनदा. गेमचं, कंपनीचं आणि चॅनेलचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही. असाच प्रश्न गेल्या वर्षभरात मला आणखी दोघांनी विचारला आहे. एक कॉलेजचा स्पर्धाप्रमुख होता, दुसऱ्या होत्या एका गेमिंग कॅफेच्या मालकीणबाई.

सुरुवात तुमच्या मित्राच्या वाक्यापासून करते, कारण सगळी गाठ तिथे आहे. ‘हॉल आपला, पोरं आपली.’ हे म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे कुस्ती आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे खेळ म्हटला की तीच असते. जत्रेला मैदान भरतं, गाव वर्गणी काढतं, लाल मातीत ताक आणि हळद घालून आखाडा तयार होतो, लांबून पैलवान येतात. कुस्तीचा मालक कोण, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. भारंदाज डावासाठी कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही.

क्रिकेटचंही तेच. क्रिकेटच्या नियमांच्या पुस्तकाचा कॉपीराइट लंडनच्या एमसीसी या क्लबकडे आहे, गंमत म्हणून सांगते. पण म्हणून तुमच्या गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेचं प्रक्षेपण एमसीसी थांबवू शकत नाही. पुस्तक त्यांचं आहे, खेळ नाही. २००७ मध्ये झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली तेव्हा बीसीसीआयने तिथे जाणाऱ्या खेळाडूंवर बंदी घातली, आपली मैदानं दिली नाहीत, जमेल तेवढी कोंडी केली. पण ‘तुम्ही क्रिकेट खेळायचंच नाही’ असं म्हणायची सोय बोर्डाकडे नव्हती. सामने झाले आणि टीव्हीवर दिसलेही. बीसीसीआय आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना विकते ते स्वतः भरवलेल्या स्पर्धेचे. क्रिकेट या खेळाचे नव्हेत.

तुमचा गेम मात्र कुस्ती नाही. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर ते नाटक आहे.

पंचविशीत मी एका हौशी नाटकमंडळीत होते. माझं काम अभिनयाचं नव्हतं, कागदपत्रांचं होतं. राज्य नाट्य स्पर्धेला अर्ज करायचा तर लेखकाचं परवानगीपत्र जोडावं लागतं, हे तुम्ही ऐकलं असेल. एका वर्षी आमच्या दिग्दर्शकाने ठरवलं की लेखक ओळखीचे आहेत, पत्र नंतर आणू. नेपथ्य आमचं, तालमीची जागा आमची, नट आमचे, चहाचा खर्चसुद्धा आमच्याच खिशातला. दोन महिने तालीम झाली. मग कळलं की त्या लेखकांनी ते नाटक आधीच दुसऱ्या संस्थेला दिलंय. आमचा घाम खरा होता, पण त्या घामाने संहिता आमची झाली नव्हती.

तुमच्या स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं कुणीतरी लिहिलेलं, रंगवलेलं, रेकॉर्ड केलेलं आहे: नकाशा, घरं, बंदुका, कपडे, गोळीचा आवाज, आकुंचन पावणारा तो निळा गोल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृती म्हणून संरक्षण आहे, चित्रांना कलाकृती म्हणून, आवाजाला ध्वनिमुद्रण म्हणून. मॅच दाखवता तेव्हा तुम्ही ही सगळी कृती लोकांपुढे मांडता, आणि ती मांडू द्यायची की नाही हा हक्क कृती करणाऱ्याचा. शिवाय गेम पहिल्यांदा उघडताना ‘मान्य आहे’वर बोट ठेवून आपण सगळ्यांनीच एक न वाचलेला करार केलेला असतो. स्पर्धा आणि प्रक्षेपणाबद्दल काय चालेल आणि काय नाही, ते बहुतेक वेळा त्यात किंवा त्याला जोडलेल्या धोरणांत असतं.

आता तुमचा मित्र इथे उसळून म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की नाटकाचा शेवट लेखकाने लिहिलेला असतो. आमच्या फायनलचा शेवट कंपनीने लिहिला होता का? तो तर चार पोरांच्या अंगठ्यांनी लिहिला. माझी उपमा इथे लंगडी पडते, मला मान्य आहे. आणि हाच मुद्दा घेऊन दक्षिण कोरियात एक मोठं भांडण झालं होतं. तुमच्या मित्राला ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही आज जे करायला निघालात तेच तिथे एका राष्ट्रीय संघटनेने केलं होतं.

१९९८ साली ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा स्टारक्राफ्ट हा गेम आला. कोरियात तो इतका रुजला की पीसी बँग म्हणजे तिथल्या गेमिंग कॅफेंतून खेळाडू तयार झाले, त्यांचे संघ झाले, संघांना मोठ्या कंपन्या मालक म्हणून मिळाल्या, ऑनगेमनेट आणि एमबीसी गेम अशा खास वाहिन्या चालल्या. केस्पा नावाची संघटना सगळ्याचं नियमन करी. हे उभं करायला ब्लिझार्डने फारसं काही केलं नव्हतं. कॅमेरे, स्टुडिओ, निवेदक, प्रेक्षक, सगळं कोरियन लोकांचं. २००७ मध्ये केस्पाने प्रोलीग या सांघिक स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क विकले. ब्लिझार्डने विचारलं, आमच्या गेमचे हक्क तुम्ही कोणत्या अधिकारात विकता? पुढे वाटाघाटी रेंगाळल्या आणि २०१० मध्ये ब्लिझार्डने केस्पाशी बोलणं थांबवून गॉमटीव्ही ही इंटरनेट वाहिनी चालवणाऱ्या कंपनीशी स्वतंत्र करार केला. वाहिन्या दाखवतच राहिल्या, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. केस्पाची बाजू अशी, की हा आता खेळ झालाय, लोकांचा झालाय. कंपनीची बाजू अशी, की चेंडूचा कुणी मालक नसतो, पण या चेंडूचा आहे, आम्ही आहोत.

निकाल काय लागला? लागलाच नाही. २०११ च्या मे महिन्यात तडजोड झाली आणि वाहिन्यांनी ब्लिझार्डकडून रीतसर परवाना घेऊन प्रक्षेपण चालू ठेवलं. म्हणजे ‘मॅच खेळाडूची की कंपनीची’ हा तुमच्या मित्राचा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहिला. पण वर्षानुवर्षं वाहिन्या चालवलेल्या, मोठ्या कंपन्यांचं पाठबळ असलेल्या मंडळींनीसुद्धा शेवटी परवान्यावर सही केली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या जिवावर तुम्ही हा प्रश्न सोडवायला जावं, असं मी म्हणणार नाही.

(एक गमतीचा उल्लेख करून पुढे जाते. आपल्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ कोण याची यादी आहे. तीत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू आहे, जादूगार आहे, चक्क गारुडीही आहे. गेमर नाही. पण यादीला ‘किंवा सादरीकरण करणारी इतर कोणीही व्यक्ती’ असं शेपूट आहे. उद्या एखादा खेळाडू त्या शेपटाला धरून कोर्टात गेला, तर मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. तो खेळाडू तुम्ही असू नये एवढंच.)

आता वडिलांचं म्हणणं. ‘कंपनीला कोण सांगायला जातंय?’ यात एक अर्धसत्य आहे. तीन वर्षं तुम्ही यूट्यूबवर स्पर्धा दाखवली, कुणी अडवलं नाही. पण कानाडोळा करणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. येणाऱ्या-जाणाऱ्याला शेतमालक बांधावरून जाऊ देतो. त्या बांधावर टपरी टाकली की मात्र काठी घेऊन येतो. बऱ्याच गेम कंपन्यांची धोरणं याच रीतीची असतात. तुम्ही स्वतः खेळ दाखवा, यूट्यूबच्या जाहिरातींतून चार पैसे मिळवा, आमची हरकत नाही; पण ते चित्रण दुसऱ्या कंपनीला विकायचं किंवा टीव्हीला द्यायचं तर आधी आम्हाला विचारा. म्हणजे यूट्यूबवर जे चाललं ते केबलवरही चालेल, हे तुमचं गृहीतक मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. तुम्ही तेच काम जरा मोठ्या पडद्यावर करत नाही आहात. तुम्ही बांधावर टपरी टाकताय.

आणि कंपनीला जागं करायची भीती? अहो, बऱ्याच वेळा जागं करावंच लागत नाही. कितीतरी कंपन्यांनी छोट्या स्पर्धांसाठी सरसकट नियमावली जाहीर केलेली असते. तिच्या चौकटीत बसलात तर वेगळं पत्र लागत नाही. ती नियमावली हीच परवानगी. निंटेंडोचं उदाहरण घ्या, ही कंपनी या बाबतीत फार कडक. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या त्यांच्या नियमांत प्रत्यक्ष स्पर्धेला २०० आणि ऑनलाइन स्पर्धेला ३०० खेळाडूंची मर्यादा आहे, फी आणि बक्षिसावर मर्यादा आहे. त्यापलीकडे जायचं तर परवाना. चाहते चिडले, पण निदान रेघ कुठे आहे ते दिसलं. तुमच्या गेमच्या कंपनीचं असं काही आहे का, हे आज रात्री दुकान बंद केल्यावर त्यांच्या संकेतस्थळावर बघा. स्पर्धेचे नियम, व्हिडिओ धोरण आणि वापराच्या अटी, अशा तिन्ही जागी बघा. जे सापडेल ते तारखेसह उतरवून ठेवा, कारण ही पानं न सांगता बदलतात.

याच निंटेंडोने २०१३ मध्ये लास व्हेगासच्या ईव्हो या मोठ्या स्पर्धेला ऐन तोंडावर सांगितलं होतं, की आमचा स्मॅश ब्रदर्स मेली दाखवू नका. हा गेम २००१ सालचा, स्पर्धेत यावा म्हणून चाहत्यांनी स्तन कर्करोगाच्या संशोधनासाठी ९४ हजार डॉलरहून जास्त देणगी गोळा केलेली. लोकांनी असा गदारोळ केला की काही तासांतच कंपनीने माघार घेतली. माझ्या ओळखीचे उत्साही लोक ही गोष्ट ‘लोकशक्तीचा विजय’ म्हणून सांगतात. मी ती उलट बाजूनेही वाचते: एका ई-मेलने अख्खी स्पर्धा पडद्यावरून जाऊ शकत होती, आणि ती वाचली ते जगभर प्रेक्षक होते म्हणून. तुमच्या मंगल कार्यालयासाठी जगभर कोण ओरडणार आहे?

मी कंपनीची वकिली करते आहे, असं वाटेल. तसं नाही. कंपनीला धास्ती का वाटते ते मला समजतं: कुणी सट्ट्याच्या ॲपची जाहिरात लावेल, कुणी हॅक वापरून जिंकेल, कुणी बक्षीस बुडवेल, आणि बदनामी गेमची होईल. पण त्या रास्त धास्तीच्या आडून सगळीच सत्ता एका हातात जाते, आणि ती सत्ता कधी वापरली जाईल ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं, हे मला बोचतं. पुन्हा कोरियाच. लीग ऑफ लेजेंड्सची तिथली मोठी स्पर्धा २०१२ पासून ऑनगेमनेटने, म्हणजे ओजीएनने, वाढवली. ती जगात नावाजली. मग गेमची मालक रायट कंपनी सोलमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधून मोकळी झाली आणि २०१९ पासून प्रक्षेपण स्वतःच करू लागली. यात बेकायदा काही नव्हतं. ओजीएनने लावलेल्या झाडाची जमीन पहिल्यापासून रायटची होती, इतकंच.

आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्या डोळ्यांदेखतचं. २०२२ च्या जून-जुलैत बीजीएमआयची स्पर्धा स्टार स्पोर्ट्स २ वर दिसली. मोबाइल गेमची स्पर्धा अशी मोठ्या खेळवाहिनीवर, घरातली आजीसुद्धा विचारायला लागली की हे काय चाललंय. आणि त्याच जुलैच्या २८ तारखेला सरकारी आदेशावरून गेम ॲप स्टोअरवरून काढला गेला, तो परतला २०२३ च्या मे महिन्यात. म्हणजे वर कंपनी, तिच्याही वर सरकार. या दोघांच्या मर्जीवर टिकलेल्या गोष्टीचे तीन वर्षांचे ‘संपूर्ण हक्क’ तुम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून देणार आहात.

आता करारनामा. दीड लाखाचा आकडा बाजूला ठेवून चौथं आणि सहावं कलम वाचा. चौथ्यात तुम्ही हमी देताय की ‘सदर कार्यक्रमाचे सर्व हक्क लिहून देणार यांच्या निर्वेध मालकीचे आहेत’. ते नाहीत. सहाव्यात म्हटलंय की तिसऱ्या कुणी हरकत घेतली तर चॅनेलचं होणारं सगळं नुकसान तुम्ही भरून द्याल. ‘सगळं’ याला वरची मर्यादा नाही. समजा कंपनीने दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण थांबवायला सांगितलं. केबलवाल्याने गणपतीसाठी सराफ, साडीवाले, दूधसंघ यांच्या जाहिराती घेऊन ठेवलेल्या असतील. त्या परत कराव्या लागल्या तर तो तुमच्याकडे येईल. कंपनी अमेरिकेत किंवा कोरियात असेल, केबलवाला पुढच्या चौकात आहे. तुमचा खरा धोका कंपनीचा नाही, या चौकातल्या माणसाचा आहे, आणि उद्याही तोंड त्यालाच दाखवायचं आहे.

म्हणून सही आहे तशी करू नका. पण नकोही म्हणू नका. मी असते तर केबलवाल्याकडे जाऊन सरळ सांगितलं असतं, की गेम माझा नाही, परवानगी मागतोय, ती आली तर आली या अटीवर लिहू. करारात ‘हक्क’ या शब्दाऐवजी तुमचं जे आहे ते लिहा: हॉलमधलं चित्रण, खेळाडूंच्या मुलाखती, मराठी कॉमेंटरी, निर्मितीचं काम. गेमची स्क्रीन कंपनीच्या लेखी परवानगीच्या अधीन. मुदत तीन वर्षांची नको, एका वर्षाची. आणि काही बिनसलं तर परतफेड जास्तीत जास्त मिळालेल्या पैशांएवढी, त्याहून एक रुपया जास्त नाही. गेमच बंद झाला किंवा काढला गेला तर दोघंही मोकळे, हेही लिहा. २०२२ नंतर हे कलम नसलेला करार मी तरी करणार नाही. पैसे थोडे कमी मिळतील. मिळू देत.

कंपनीला लिहाल ते पत्र पानभरापेक्षा मोठं नको. स्पर्धा कधी, कुठे, किती संघ, फी किती, बक्षीस किती आणि कुणाच्या पैशांतून, प्रायोजक कोण, कुठल्या चॅनेलवर, कुठल्या भाषेत, किती घरांत दिसणार. गेल्या तीन वर्षांची माफी मागत बसू नका आणि लपवूही नका. ‘आम्ही तीन वर्षं ही स्पर्धा घेत आहोत’ एवढं सरळ वाक्य पुरे. कॉमेंटरी मराठीत आहे हे जरूर लिहा, कंपन्यांना नव्या भाषेचा प्रेक्षक हवाच असतो. उत्तर आलं नाही तर? पंधरा दिवसांनी आठवण करा. तरीही आलं नाही, तर त्याचा अर्थ ‘हो’ असा घेऊ नका. त्या गणपतीत केबलवर गेमची स्क्रीन नको. बक्षीस समारंभ, मुलाखती, हॉलमधला जल्लोष दाखवा. बातमी म्हणून चार क्षण दाखवणं आणि अख्खी फायनल दाखवणं यांत फरक आहे, तो पाळा.

स्ट्राइकचं वेगळं आहे. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच श्वासात लिहिल्यात, त्यामुळे मीही आधी गोंधळले. तो व्हिडिओ तुमच्या स्पर्धेचा नाही! तो कंपनीच्या अधिकृत फायनलचा आहे. त्यांचं प्रक्षेपण उचलून त्यावर मावसभावाचा आवाज चढवलाय. त्यात गेमही दुसऱ्याचा, कॅमेराही दुसऱ्याचा, ग्राफिक्सही दुसऱ्यांचे. इथे भांडायला जागा फार कमी आहे.

तरी एक बघा: नोटीस कुणाच्या नावाने आली आहे? गेम कंपनीच्या, की स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या? २०१८ च्या जानेवारीत मलेशियातल्या गेंटिंगला डोटा २ या गेमची स्पर्धा होती. आयोजक ईएसएलने प्रक्षेपणाचा करार फेसबुकशी केला होता आणि ट्विच या गेमप्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर तीच मॅच दाखवणाऱ्यांना कॉपीराइट नोटिसा जाऊ लागल्या. पण ते लोक अधिकृत प्रक्षेपण उचलत नव्हते, गेममध्येच असलेल्या प्रेक्षक खिडकीतून मॅच दाखवत होते. गेमची मालक वाल्व्ह मधे पडली आणि म्हणाली, त्या खिडकीतून दाखवलेल्या मॅचवर नोटीस काढायचा अधिकार फक्त आमचा. मात्र वाल्व्हचीही अट होतीच: प्रायोजक नकोत, जाहिराती नकोत, आणि आयोजकाचा कॅमेरा, ग्राफिक्स, निवेदकाचा आवाज यातलं काही उचलायचं नाही. म्हणजे आयोजकाचं काय आणि गेम कंपनीचं काय, या दोन थरांतला फरक तिथे नीट दिसला. तुमचं प्रकरण मात्र दोन्ही थरांत अडकतं.

तेव्हा प्रतिदावा करू नका. प्रतिदावा म्हणजे ‘माझा हक्क आहे, हवं तर कोर्टात जा’ असं सही करून सांगणं. तो चुकून आलेल्या नोटिशीसाठी असतो. व्हिडिओ काढून टाकल्याने स्ट्राइक जात नाही, हेही लक्षात असू द्या. यूट्यूबचं ते कॉपीराइटचं छोटं प्रशिक्षण पूर्ण करा, ९० दिवस शांत बसा, स्ट्राइक उतरेल. ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेलच जाऊ शकतं, आणि तुमच्या तीन वर्षांच्या स्पर्धा त्यातच साठवलेल्या आहेत. म्हणून त्या जुन्या व्हिडिओंत असे आणखी किती आहेत ते बघून स्वतःहून काढा. आणि हो, सगळ्या स्पर्धांचं मूळ चित्रण एका हार्ड डिस्कवर उतरवून घरी ठेवा. हे उद्यावर टाकू नका.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त सतावते आहे. ४०० रुपये फी घेऊन त्यातूनच बक्षिसं देणं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सना त्यातून वगळलंय, त्यांना प्रवेश फी आणि कामगिरीवरचं बक्षीस चालतं. पण कायद्याच्या व्याख्येतलं ई-स्पोर्ट म्हणजे मान्यता आणि नोंदणी असलेलं; फी फक्त स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी; पैज अजिबात नाही. तुमची स्पर्धा त्यात बसते का? पत्रावरून मला ठामपणे ‘हो’ म्हणता येत नाही. गावातल्या वकिलाला अर्धा तास द्या आणि ताजे नियम दाखवून विचारा. तोवर या वर्षी प्रवेश मोफत ठेवा आणि बक्षीस प्रायोजकाकडून घ्या. केबलवाल्याला द्यायचेच असतील पैसे, तर बक्षिसाचे देऊ देत. मात्र कंपनीच्या नियमांत प्रायोजकांबद्दल काय म्हटलंय ते आधी बघून. आणि १८ वर्षांखालच्या मुलांचे चेहरे दाखवायचे तर त्यांच्या आईवडिलांची सही घ्या. ती तर पाहुण्यांच्या ओळखीनेसुद्धा मिळेल.

चौघांत लेखी काही नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. चॅनेलचा पासवर्ड कुणाकडे, स्पर्धेचं नाव कुणाचं, कॉमेंटरीचं ध्वनिमुद्रण कुणाचं, खर्च वजा जाता वाटणी कशी, हे एका कागदावर येऊ दे. मित्र म्हणून बसून लिहा, दीड लाख येण्याआधी. नंतर लिहायला बसलेल्या मित्रांचे कागद मी पाहिलेत.

मावसभावाच्या कॉमेंटरीची लिंक पाठवली होती, ती ऐकली. मला या गेममधलं काही कळत नाही, कोण कुणाला मारतंय तेही दिसेना. पण तो जेव्हा म्हणाला, ‘गडी झुडपात असा बसलाय, जशी भर पावसात म्हैस, उठायचं नावच नाही’, तेव्हा मी चहा सांडला. हे वाक्य कंपनीच्या कुठल्याही सर्व्हरवर नाही. केबलवाल्याशी बोलायला जाताना दुकान बंद ठेवा आणि मावसभावालाही बरोबर न्या.